अधिकार मागणारा अर्ज

आपल्या घरात अर्ज ही काही नवी गोष्ट नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, घरकुल, निराधाराचे अनुदान... जन्मापासून मरेपर्यंत आपला माणूस अर्जच लिहीत असतो. कारकुनी करताना असे शेकडो अर्ज माझ्या हाताखालून गेले आहेत. त्यांची सुरुवात 'विनंती अर्ज' या शब्दांनी होते आणि शेवट 'आपला कृपाभिलाषी' या शब्दांनी होतो. मधल्या ओळींत घरची गरिबी, पावसाने पडलेली भिंत, आजारपण. जे मागायचे ते हक्काचे असले तरी ते हात जोडूनच मागायचे, अशी आपल्या लेखणीला पडलेली सवय आहे. 'ही जबाबदारी माझ्याकडे द्या, मी माणसे सांभाळीन, आणि कशी सांभाळीन ते खाली लिहितो,' असा अर्ज मात्र क्वचितच पाहायला मिळतो.

म्हणूनच अलीकडे काही तरुण मुले लिहीत असलेल्या एका वेगळ्याच अर्जाकडे समाजबांधवांचे लक्ष वेधावेसे वाटते. हा अर्ज कोणत्याही कचेरीत जात नाही. तो संगणकावरील एका खेळात 'सुरक्षाप्रमुख' होण्यासाठी असतो. कारध्यातील एक माउली मला म्हणाली, "पोट्टं रात्री बारा-बारा वाजेपर्यंत कंप्युटरसमोर बसते, अन् म्हणते का अर्ज लिहून रायलो!" तिचा राग समजण्यासारखा आहे. परंतु रागावण्यापूर्वी त्या अर्जात काय विचारले जाते, हे एकदा वाचून पाहायला हवे.

हा खेळ आहे तरी काय?

संगणकावर काही खेळ असे असतात की त्यात एकाच वेळी पन्नास-साठ माणसे वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या देशांतून भाग घेतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे आणि नाटकातल्यासारखी ती भूमिका वठवायची. फरक एवढाच की संवाद कोणी लिहून दिलेले नसतात. 'स्पेस स्टेशन १३' हा अशा खेळांपैकी एक जुना खेळ. २००३ च्या सुमारास तो सुरू झाला आणि पुढे हौशी मंडळींनी तो स्वयंसेवेने वाढवला. 'स्पेस स्टेशन १४' हा त्याच धर्तीवर नव्याने रचलेला खेळ. दोन्ही खेळायला पैसे पडत नाहीत आणि साध्या संगणकावरही चालतात.

कथा अशी : अंतराळात एक स्थानक आहे. तिथे स्वयंपाकी आहे, झाडूवाला आहे, डॉक्टर आहे, इंजिनिअर आहे, कॅप्टन आहे. सुरक्षेसाठी शिपाई, कोठडीचा अधिकारी, गुप्तहेर आणि या सर्वांचा वरिष्ठ म्हणून सुरक्षाप्रमुख असतो. खेळाडूंपैकी एखाद-दोघांना गुपचूप घातपाताचे काम दिलेले असते. ते कोण, हे इतरांना ठाऊक नसते. सुरक्षाप्रमुखाच्या हाती बेड्या असतात, विजेचा दंडा असतो आणि शस्त्रागाराचे दार उघडण्याचा अधिकार असतो. खेळाला स्वतःचा कायदाही आहे. कोणत्या गुन्ह्याला किती मिनिटे कोठडी, हे त्यात लिहिलेले असते. चोरीला काही मिनिटे, मारहाणीला अधिक, आणि खुनाला अर्थातच सर्वांत कडक शिक्षा.

आता विचार करा. झाडूवाल्याची भूमिका करणारा मुलगा चुकला तर फार तर फरशी घाण राहील. परंतु सुरक्षाप्रमुख माजला, दिसेल त्याला बेड्या घालू लागला, मित्राला सोडून परक्याला कोंडू लागला, तर पन्नास जणांचा खेळ एकटा मोडून टाकील. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी हे पद सरसकट कोणाला देत नाहीत. आधी साधा सुरक्षा शिपाई म्हणून ठरावीक तास काम केलेले असावे लागते. भूमिका वठवण्यावर अधिक भर देणाऱ्या काही गटांत तर रीतसर लेखी अर्ज करावा लागतो. चालवणारी मंडळी तो वाचतात, बरोबरचे खेळाडू त्यावर मत देतात, आणि मग होकार किंवा नकार मिळतो.

अर्जातील खरा प्रश्न

अशा अर्जातील प्रश्न वरवर पाहता सोपे असतात. तुम्हाला हे पद का हवे? सुरक्षाप्रमुखाचे काम काय असते? तुमचाच शिपाई कैद्याला मारताना दिसला तर काय कराल? कॅप्टनने बेकायदेशीर हुकूम दिला तर? पुरावा नाही, पण संशय दाट आहे, तर?

कच्चा अर्जदार लिहितो, "मी खूप कडक आहे. माझ्या हाताखाली एकही गुन्हेगार सुटणार नाही. मला सगळी शस्त्रे चालवता येतात." त्याला वाटते की आपण आपली ताकद दाखवली. पण वाचणाऱ्याला कळते की याला पद हवे आहे ते दंडा चालवायला.

जाणता अर्जदार वेगळे लिहितो : "शिपायाला प्रथम थांबवीन. कैद्याला डॉक्टरकडे पाठवीन. शिपायाची बाजू ऐकीन, परंतु तोपर्यंत त्याचा दंडा माझ्याकडे ठेवीन. जे घडले ते कॅप्टनला कळवीन, लपवणार नाही. संशयावर झडती घ्यायची झाली तर कारण सांगून घेईन. काही सापडले नाही तर माणसाला सोडीन आणि झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त करीन."

या दोन उत्तरांतील फरक एका वाक्यात सांगता येईल. पहिला अधिकार मागतो. दुसरा अधिकार मागतानाच त्या अधिकाराची मर्यादा लिहून देतो. ज्याला स्वतःच्या हाताला लगाम घालता येतो त्याच्याच हाती दंडा द्यावा, ही त्या अर्जामागची कसोटी आहे. आणि बांधवांनो, ही कसोटी आपल्या घरात परकी नाही. तिची उत्तरे आपल्याच इतिहासात पडून आहेत.

उत्तरे आपल्याच घरात

१९२७ चा मार्च महिना आठवा. २० मार्च रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी परतणाऱ्या आणि जेवायला बसलेल्या आपल्या लोकांवर हल्ले केले. आपल्या बाजूला माणसांची कमतरता नव्हती. त्यांत सैन्यात नोकरी करून आलेले तगडे लोकही होते. एक इशारा पुरेसा होता. परंतु बाबासाहेबांनी लोकांना शांत राहण्यास सांगितले, प्रतिहल्ला होऊ दिला नाही आणि कायद्याचा मार्ग धरला. पुढे काही हल्लेखोरांना न्यायालयात शिक्षा झाली. ताकद असून ती आवरणारा तोच खरा सुरक्षाप्रमुख, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

याच संघर्षाच्या काळात समता सैनिक दल उभे राहिले. सभा उधळू द्यायची नाही, माता-भगिनींना सुरक्षित घरी पोहोचवायचे, नेत्याभोवती शिस्तीचे कडे करायचे, हे त्याचे काम. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय परिषद भरली. १८ आणि १९ जुलैला मुख्य अधिवेशन झाले आणि २० जुलैला महिलांची व समता सैनिक दलाची परिषद झाली. महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. म्हणजे सुरक्षा आणि नेतृत्व हा केवळ पुरुषांचा प्रांत नव्हे, हे त्या व्यासपीठानेच दाखवून दिले. खेळातील सुरक्षाप्रमुखाचा अर्ज आपल्या मुलीनेही करावा असे म्हणतो, ते याच आधारावर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमला, तेव्हाही व्यवस्था राखण्याचे काम स्वयंसेवकांनीच केले.

अर्जातील दुसरा प्रश्न अटकेचा. त्याचे उत्तर भारतीय संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात आहे. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. ही तरतूद संविधान सभेत १५ सप्टेंबर १९४९ रोजी मांडली ती बाबासाहेबांनीच. पोलिसांच्या हाती अधिकार देताना त्याला कुंपण घालण्याचे काम ज्याच्या समाजाने शतकानुशतके लाठी खाल्ली त्याच माणसाने केले, हे आपण मुलांना सांगितले पाहिजे.

पुढे १९९६ साली डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम अधिक स्पष्ट केले. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव व हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. अटकेची तारीख व वेळ लिहून त्यावर साक्षीदाराची सही घेतली पाहिजे. नातेवाइकाला कळवले पाहिजे. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. अटक केलेला माणूस पळून जाऊ नये एवढ्यापुरताच त्याच्यावर बंधनाचा वापर करावा, हे तत्त्व जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. ज्या मुलाला एवढे ठाऊक आहे, त्याला खेळातील 'कैद्याला कसे वागवाल?' हा प्रश्न जड जाणार नाही. आणि ज्याला ठाऊक नाही, तो खेळाच्या निमित्ताने का होईना, ते शिकेल.

तिसरा प्रश्न शरण आलेल्या गुन्हेगाराचा. इथे अंगुलिमालाची कथा आठवावी. राजा पसेनदी पाचशे घोडेस्वार घेऊन त्या दरोडेखोराला पकडायला निघाला होता. वाटेत तो तथागतांकडे थांबला. तिथे त्याला अंगुलिमाल दिसला, तो चीवर घातलेला भिक्खू म्हणून. राजाने शस्त्र उपसले नाही, त्याला वंदन केले. शस्त्र आणि दंडाने जे आम्हाला साधले नाही ते आपण त्याशिवाय साधले, अशा आशयाचे उद्गार त्याने तथागतांजवळ काढले. म्हणजे माणूस बदलला असेल तर ते मान्य करण्याचे मोठेपणही अधिकाऱ्यापाशी हवे.

सुरक्षा म्हणजे पहारा नव्हे

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा. नदीकाठच्या माणसाला सुरक्षा म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहरातील वस्त्यांत आणि काठावरच्या गावांत पाणी शिरले. अशा वेळी दंडा कामाला येत नाही. कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे, कोणाची सून बाळंतीण आहे, कोणाची गुरे दाव्याला बांधलेली आहेत, हे ज्याला तोंडपाठ असते तो कामाला येतो. कोणाला आधी हलवायचे आणि कोणी थांबायचे, हे त्याने ठरवावे लागते आणि लोकांनी ते ऐकावे लागते. लोक ऐकतात ते त्याच्या आवाजाला घाबरून नव्हे. आधी चार वेळा तो आपल्या दारी मदतीला आलेला असतो म्हणून ऐकतात.

दीक्षाभूमीवरही हेच. गर्दीत स्वयंसेवकाचे काम असते रांग सरळ ठेवणे, चुकलेल्या लेकराला आईपर्यंत पोहोचवणे, चक्कर आलेल्या आजीला वाट करून देणे. हातात हात गुंफून केलेल्या साखळीइतके भक्कम कुंपण दुसरे नाही. खेळातील अर्जात 'तुमचा अनुभव लिहा' असा रकाना असतो. तिथे आपल्या मुलांनी दुसऱ्या खेळातील पराक्रमाबरोबरच विहारातील कार्यक्रमात, जयंतीच्या मिरवणुकीत केलेले काम चार ओळींत लिहावे. ते अस्सल आहे.

नकार आला तर

पुष्कळ अर्ज नाकारले जातात. मुलगा हिरमुसतो. इथे पालकांनी एक गोष्ट नीट समजावून सांगायला हवी. आपल्या समाजाने नकार फार पाहिले. पाणवठ्यावर नकार, देवळात नकार, भाड्याच्या खोलीसाठी नकार. ते नकार आडनाव ऐकून दिलेले होते. त्यांच्याशी लढलेच पाहिजे. परंतु प्रत्येक नकार तसा नसतो. खेळातील अर्जावर आडनाव नसते, जात नसते, गाव नसते. तिथे तुमचे लिहिणे तेवढे बोलते. चांगल्या गटात नकाराबरोबर कारणही मिळते : 'उत्तर त्रोटक आहे', 'वरिष्ठाशी मतभेद झाला तर काय कराल ते स्पष्ट नाही', 'अजून काही दिवस शिपाई म्हणून काम करा.' असा नकार म्हणजे तपासून आलेली उत्तरपत्रिका. ती वाचावी, सुधारावी आणि पुन्हा अर्ज करावा.

कारण मागण्याची ही सवय खेळापुरती राहू नये. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा सरकारी कार्यालयांना सांगतो की निर्णयाची झळ ज्याला बसते त्याला निर्णयाची कारणे द्या. तेव्हा शिष्यवृत्तीचा किंवा घरकुलाचा अर्ज परत आला, तर गप्प घरी येऊ नका. 'कारण लेखी द्या' एवढे तीन शब्द म्हणायला शिका.

आणि खेळातच कोणी जातिवाचक शिवी दिली तर? असे प्रकार घडतात. मुलाने उलट शिवी देऊ नये. पडद्याचे चित्र जपून ठेवावे, तारीख-वेळ लिहून ठेवावी, खेळ चालवणाऱ्यांकडे तक्रार करावी आणि घरी सांगावे. सुरक्षाप्रमुख व्हायला निघालेल्या मुलाची ती पहिली परीक्षा समजावी.

पालकांनी लक्षात ठेवावे असे

खेळ चांगला म्हणून रात्रीचा दिवस करावा असे नाही. वेळ ठरवून द्या आणि अभ्यास, झोप, घरातील काम यांच्या नंतरच खेळ, हा नियम मोडू देऊ नका. कोणता खेळ आहे ते विचारा. ज्या खेळांत पोलिसाची भूमिका करता येते त्यांतील काही, उदाहरणार्थ 'जीटीए ५', युरोपातील मानांकनानुसार १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीच आहेत. लहान मुलांना तिथे जाऊ देऊ नये. अर्जात खरे नाव, पत्ता, शाळा, आधार क्रमांक, घरच्यांचा फोन किंवा बँकेचा तपशील कधीही लिहू नये. पद देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर ती फसवणूक समजावी. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर लगेच कळवावे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी घातली आहे. त्या वाटेला तर जाऊच नये.

हे अर्ज बहुधा इंग्रजीत लिहावे लागतात. मुलाला अडचण वाटत असेल तर त्याने आधी मराठीत लिहावे, आईवडिलांना वाचून दाखवावे आणि मग शब्दकोश घेऊन इंग्रजीत उतरवावे. आईला इंग्रजी येत नसले म्हणून काय झाले? 'शिपायाने कैद्याला मारले तर तू काय करशील?' या प्रश्नाचे बरोबर उत्तर कोणते, ते तिला कोणत्याही साहेबाइतकेच कळते.

खेळातून दारापर्यंत

आज आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण नागपूर, पुण्या-मुंबईकडे सुरक्षारक्षक म्हणून उभे आहेत. बँकेच्या दाराशी, सोसायटीच्या फाटकाशी, मॉलच्या पायरीवर. महाराष्ट्रात खाजगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांसाठी १९८१ चा कायदा आहे. खाजगी सुरक्षा संस्थांच्या नियमनाचा केंद्राचा कायदा २००५ चा आहे आणि त्याखाली रक्षकाला १०० तास वर्गातील व ६० तास प्रत्यक्ष, असे १६० तासांचे प्रशिक्षण ठरवलेले आहे. तरीही फाटकावर वर्षानुवर्षे उभा राहणारा आपला मुलगा सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज करायला बिचकतो. त्याला काम येत नाही असे नाही. दहा माणसांची पाळी कशी लावावी, भांडण कसे मिटवावे, आग लागली तर आधी कोणाला बाहेर काढावे, हे त्याला चांगले ठाऊक असते. ते कागदावर मांडण्याचा सराव नसतो, आणि 'मी नेतृत्व करीन' हे वाक्य लिहिताना हात अडखळतो.

तो सराव खेळातून होत असेल तर तो व्हावा. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात ज्याने लिहिले की 'माझ्या माणसाने अन्याय केला तरी मी त्याला पाठीशी घालणार नाही', तो उद्या पोलीस भरतीला उभा राहील, सुरक्षा संस्थेत सुपरवायझर होईल, समता सैनिक दलाच्या पथकाचा प्रमुख होईल, किंवा गावाच्या पूरनियंत्रण पथकात पुढे असेल. जिथे जाईल तिथे ते वाक्य त्याच्याबरोबर जाईल.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी घरातील मुलगा किंवा मुलगी म्हणेल की 'मी अर्ज लिहीत आहे', तर एक खुर्ची ओढून शेजारी बसा. काय लिहिले ते वाचायला सांगा. कडक राहीन, पकडीन, ठोकीन, एवढेच असेल तर विचारा, 'आणि तूच चुकलास तर तुला कोण अडवेल?' या प्रश्नाचे उत्तर त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिले, की मग तो अर्ज पाठवायला हरकत नाही.

जयभीम!